पाचवी ते सातवीच्या संपूर्ण वर्गाला संगीत शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : वर्गशिक्षिका_सातारा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मराठी शिकवते. गायनातील माझी मध्यमा पूर्ण परीक्षा झालेली असल्याने या वर्षी मुख्याध्यापकांनी पाचवी, सहावी आणि सातवी या तिन्ही वर्गांची संगीताची तासिका माझ्याकडे सोपवली आहे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एकच तासिका मिळते, ती ३५ मिनिटांची असते आणि एका वर्गात ४० ते ५० मुले आहेत. साहित्य म्हणाल तर एक जुनी पण सुरात असलेली पेटी, एक ढोलकी, टाळांच्या काही जोड्या आणि क्रीडा साहित्याच्या कपाटातील लेझिमा एवढे आहे.

मी स्वतः गुरूंसमोर बसून शिकले, त्यामुळे समोर एक-दोन विद्यार्थी असतील तर काय करायचे हे मला ठाऊक आहे. मात्र ज्या मुलांनी संगीत स्वतःहून निवडलेले नाही आणि ज्यांतील बहुतेक जण पुढे गायक किंवा वादक होणार नाहीत, अशा संपूर्ण वर्गाला हा विषय कसा द्यावा, याचा आराखडा माझ्यापाशी नाही. आजवर आमच्या शाळेत संगीताची तासिका म्हणजे समूहगीत बसवणे आणि स्नेहसंमेलन जवळ आले की बऱ्या आवाजाची दहा-बारा मुले निवडून त्यांची तयारी करून घेणे, एवढाच अर्थ होता. उरलेली मुले त्या काळात मागच्या बाकांवर गृहपाठ करत बसतात. हे मला बदलायचे आहे, कारण भाषेच्या तासाला आपण चांगले वाचणारी दहा मुले निवडून बाकीच्यांना गप्प बसवत नाही, मग संगीताच्या तासाला ते का चालावे, हे मला पटत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. पाचवीपासूनच सरगम आणि अलंकार (ठरावीक क्रमाने म्हणायच्या स्वरांच्या मालिका) सुरू करावेत, की आधी केवळ गाणी घ्यावीत? स्वरलिपी शिकवावी का, आणि शिकवली तर कोणत्या इयत्तेत? प्रत्येक वर्गात पाच-सहा मुले अशी आहेत की ती सगळे गाणे एकाच खालच्या स्वरात म्हणतात. त्यांच्यासाठी काय करता येईल? सातवीचे मुलगे तर तोंडच उघडत नाहीत. आणि शेवटी, या विषयाचे मूल्यमापन न्याय्य पद्धतीने कसे करावे? ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उत्तर : लयकारी

ताई, मी तबला शिकवतो आणि काही वर्षे एका शाळेत अंशकालीन निदेशक म्हणून कला विषयाचे तास घेतले आहेत. माझे मत असे आहे की पाचवीची पहिली सहामाही प्रामुख्याने लयीला द्यावी. आवाज लावायला लाजणारे मूल टाळी वाजवायला किंवा पाय आपटायला सहसा लाजत नाही. शिवाय ५० मुलांच्या वर्गात कोण लयीत आहे आणि कोण नाही हे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात दिसते. सुराचे तसे नाही, त्यासाठी एकेकाचे ऐकावे लागते.

सुरुवात स्थिर लयीपासून करावी. मुलांना जागच्या जागी चालायला सांगून आपण ढोलकीवर ठेका धरावा आणि मध्येच वाजवणे थांबवावे. मुलांनी चालणे तसेच चालू ठेवायचे. थोड्या वेळाने आपण पुन्हा ठेका सुरू केला की वर्गाची लय किती पळाली हे त्यांचे त्यांनाच कळते, कारण मुलांचा समूह बहुतेक वेळा पुढे पळतो, मागे क्वचितच पडतो. हा खेळ प्रत्येक तासिकेला पाच मिनिटे घेतला तरी काही आठवड्यांत वर्ग एकत्र थांबू आणि एकत्र उचलू लागतो.

त्यानंतर मुलांच्या तोंडी असलेले शब्द मात्रांवर बसवावेत. आपल्या जिल्ह्यातील तालुक्यांची नावे यासाठी उत्तम आहेत. माण ही एक मात्रा, वाई आणि पाटण या दोन-दोन, खंडाळा आणि जावळी या तीन-तीन. 'खंडाळा जावळी' असे सलग म्हटले की दादरा तालाच्या सहा मात्रा झाल्या. 'वाई पाटण कोरेगाव' म्हणून शेवटी एक मात्रा रिकामी सोडली की केरवा तालाच्या आठ मात्रा झाल्या. येथे एक गोष्ट मुलांकडूनच काढून घ्यावी. पाटण लिहिताना तीन अक्षरे येतात, पण उच्चारताना 'पा' आणि 'टण' असे दोनच आघात होतात, आणि लय उच्चाराच्या मागे जाते. भाषेच्या शिक्षिका असल्यामुळे आपल्याला हा भाग विशेष खुलवता येईल. रिकामी मात्रा सांभाळणे हे या वयात सर्वांत अवघड असते, म्हणून तिच्यावर हात उघडून दाखवण्याची सवय लावावी. पुढे तालातील 'खाली', म्हणजे टाळी न देता दाखवायची मात्रा, समजावताना तीच खूण कामी येते.

मग बोल, म्हणजे तबल्यावरील आघातांची अक्षरे. दादरा 'धा धी ना, धा ती ना' आणि केरवा 'धा गे ना ति, न क धि न' हे दोन ठेके पाचवीला पुरेसे आहेत. पुस्तकागणिक बोलांत थोडा फरक आढळेल, त्यात अडकू नये. त्रिताल सहावीच्या दुसऱ्या सहामाहीत घ्यावा. सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, हे फळ्यावर लिहून देण्याआधी मुलांना डोळे मिटून ठेका ऐकू द्यावा आणि डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतील जाड आवाजाच्या वाद्याचा) घुमारा कोठे नाहीसा होतो ते शोधायला सांगावे. दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत तो नसतो आणि चौदाव्या मात्रेला परत येतो. हे ज्याने कानाने पकडले त्याला खालीची व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही. यासाठी तबलावादक मिळाला नाही तर ध्वनिमुद्रित ठेकाही चालतो, मात्र मोबाईलला स्वतंत्र स्पीकर जोडावा, कारण मोबाईलच्या स्वतःच्या स्पीकरमधून डग्ग्याचा आवाज नीट ऐकू येत नाही.

लेझिमा कपाटात ठेवू नका. लेझीम खेळणाऱ्या मुलांच्या अंगात आठ मात्रांची चाल आधीच असते, आपल्याला तिला फक्त नाव द्यायचे असते. अर्धा वर्ग बोल म्हणेल आणि अर्धा वर्ग लेझीम करील, मग अदलाबदल, असे केले की बराबरीची लय आणि दुप्पट यांतील फरकही त्यातच शिकवता येतो.

उत्तर : मंद्रसप्तक

लयकारी सरांनी लिहिलेले योग्य आहे. तरीही पूर्ण सहामाही स्वराकडे दुर्लक्ष होऊ नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण दहा-अकराव्या वर्षी मुलांचा आवाज मोकळा, लवचीक आणि उंच असतो. मुलग्यांच्या बाबतीत ही मुदत थोडीच असते. मी अनेक वर्षे शाळेत संगीत शिक्षिका होते, त्या आधाराने लिहिते.

एकाच खालच्या स्वरात म्हणणाऱ्या मुलांविषयी आपण विचारले आहे. त्यांचा विचार करण्याआधी वर्गाचा षड्ज, म्हणजे गाण्याचा आधाराचा 'सा', तपासावा. आपण स्वतः गाता तेव्हा आपला षड्ज बहुधा काळी चार किंवा काळी पाच (पेटीच्या सप्तकातील चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) असेल. त्या स्वरात मध्य सप्तकापर्यंत अडचण येत नाही, पण गाण्यातील एखादी ओळ मंद्र पंचमाकडे (खालच्या सप्तकातील 'प'कडे) उतरली की दहा वर्षांच्या मुलाचा आवाज तेथे पोहोचत नाही आणि ते गाणे सोडून बोलू लागते. समूहगायनासाठी पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी एक ते पांढरी दोन यांच्या दरम्यान षड्ज धरावा. तेथून तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) बहुतेक मुले विनासायास जातात. पुरुष शिक्षक खालच्या सप्तकातून गाऊन दाखवतात तेव्हा काही मुले त्यांच्यासारखा जाड आवाज काढू पाहतात आणि तेथेच अडकतात. अशा वेळी चांगला सूर लागणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला ओळ म्हणायला लावून वर्गाने तिच्यामागून म्हणावी, हा सोपा उपाय आहे.

षड्ज योग्य असूनही सूर जुळत नसेल तर त्या मुलाला आपल्या स्वराकडे ओढण्यापूर्वी आपण त्याच्या स्वराकडे जावे. त्याने सहज काढलेला स्वर पेटीवर शोधावा, तो धरून संपूर्ण वर्गाने त्याच्याबरोबर आकार लावावा, म्हणजे 'आ' म्हणत तो स्वर धरावा. आपला आणि इतरांचा स्वर एक झाल्यावर कानाला काय वाटते, हा अनुभव त्या मुलाला कदाचित पहिल्यांदाच मिळत असतो. तो अनुभव मिळाल्यावर पेटीवरील एकेक पट्टी वर सरकावी. ज्यांना आवाज वर नेता येतो हेच माहीत नसते त्यांच्यासाठी रुग्णवाहिकेच्या भोंग्याची नक्कल फार उपयोगी पडते. सगळा वर्ग ती आनंदाने करतो आणि कोणा एकाकडे बोट दाखवले जात नाही. 'तू नुसते ओठ हलव' हे वाक्य मात्र कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही कारणासाठी उच्चारू नये. ते ऐकलेली माणसे पन्नाशीतही 'मला गाता येत नाही' असे सांगतात, आणि त्यांतील बहुतेकांना थोड्या मेहनतीने गाता आले असते.

अलंकारांविषयी. सात स्वरांचा आरोह-अवरोह पहिल्याच दिवशी पाठ करून घेतला तर मुले तो पाढ्यांप्रमाणे म्हणतात. त्यात ऐकणे नसते. मी सा, रे आणि ग या तीन स्वरांवर बरेच दिवस थांबत असे. हात मांडीवर म्हणजे सा, कमरेशी रे, छातीशी ग, अशा खुणा ठरवून मी न बोलता केवळ हात हलवायचा आणि वर्गाने गायचे. नंतर प आणि ध घेतले की भूप रागाचे पाच स्वर हाती येतात. मध्यम (म) आणि निषाद (नि) वर्ज्य असल्यामुळे या स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर कोठेच येत नाही, म्हणून मुलाने स्वतः कसाही तुकडा रचला तरी तो कानाला खुपत नाही. येथे सवाल-जवाब घ्यावा. आपण 'सा रे ग प' असा अर्धवट तुकडा म्हणावा आणि एकेका मुलाने त्याला षड्जावर संपणारे उत्तर द्यावे. पाचवीतील मूल स्वतःचे चार स्वर रचून वर्गाला ऐकवते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. वादी-संवादी, थाट, गानसमय यांच्या व्याख्या या टप्प्यावर मुळीच नकोत. शुद्ध मध्यम आणि निषाद सहावीत, आणि यमन रागाच्या निमित्ताने तीव्र मध्यम (शुद्धाहून चढा म) सातवीत, एवढी गती पुरेशी आहे. शुद्ध आणि तीव्र मध्यम मात्र शेजारी शेजारी वाजवून ऐकवावेत आणि कोणता वाजला ते डोळे मिटून ओळखायला सांगावे.

स्वरलिपी सहावीत अवश्य शिकवावी. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची पद्धत आपल्या मुलांना सोपी जाते, कारण तिची अक्षरे त्यांना पहिलीपासून वाचता येतात; नवीन शिकायचे असते ते एवढेच की कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, आणि तालात समेला (पहिल्या मात्रेला) गुणाकाराची खूण व खालीला शून्य. नवीन गाणे लिपीतून शिकवण्याच्या भरीस पडू नये. मुलांना तोंडपाठ असलेल्या प्रार्थनेची पहिली ओळ त्यांनीच ऐकून, चाचपडत, गटात लिहून काढावी. दोन गटांनी वेगवेगळे लिहिले तर दोन्ही गाऊन पाहावे.

सातवीच्या मुलग्यांचे मौन हट्टापोटी असतेच असे नाही. काहींचा आवाज फुटू लागलेला असतो, काल लागणारा स्वर आज लागत नाही आणि वर्गासमोर आवाज चिरकला तर हसे होईल ही भीती खरी असते. हे त्यांना स्पष्ट सांगावे की स्वरयंत्र वाढत आहे, ही अवस्था तात्पुरती आहे आणि या काळात ओरडून गाऊ नये. त्यांच्यासाठी चार-पाच स्वरांतच फिरणारी ओळ निवडावी, किंवा वर्ग गात असताना त्यांनी षड्ज आणि पंचम धरून ठेवावेत. तानपुऱ्याचे काम आपण करतो आहोत हे कळल्यावर त्या स्वरांना ते जपतात. एक सूचना पेटीबद्दल. तिचा आवाज मोठा असतो आणि तिच्यामागे मुले स्वतःचा आवाज ऐकेनाशी होतात, म्हणून षड्ज द्यावा, चूक झाली तर आधार द्यावा, आणि एरवी पेटी मिटलेली असावी.

उत्तर : प्रवेशिका

येथे एक वेगळे मत मांडू इच्छिते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा अभ्यासक्रम सहावी-सातवीच्या मुलांना झेपणारा आहे. तोच वर्गात घेतला तर शिक्षिकेला तयार आराखडा मिळेल आणि मुलांच्या हाती वर्षाअखेर प्रमाणपत्र येईल. तालुक्याच्या ठिकाणी खासगी क्लास परवडत नसलेल्या पालकांसाठी ही लहान गोष्ट नाही. उद्दिष्ट ठरलेले नसले की संगीताच्या तासिकेला शाळेतही कोणी गांभीर्याने घेत नाही, हा माझा अनुभव आहे.

उत्तर : मंद्रसप्तक

आपला मुद्दा मला मान्य आहे, परंतु तो वर्गाबाहेरच्या वेळेसाठी मान्य आहे. ती परीक्षा एकेका विद्यार्थ्याने परीक्षकासमोर बसून द्यायची असते आणि तिची तयारीही एकेकाकडून करून घ्यावी लागते. ५० जणांच्या वर्गात तो अभ्यासक्रम लावला की शिक्षिकेचे लक्ष आपोआप परीक्षेला बसणाऱ्या सात-आठ मुलांकडे जाते आणि ताईंनी जी स्थिती बदलायची म्हटली आहे तीच पुन्हा उभी राहते. इच्छुक मुलांसाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा बसावे, त्यांना परीक्षेला अवश्य बसवावे, आणि वर्गाची तासिका सर्वांची राहू द्यावी.

उत्तर : गावशाळा

मी नंदुरबार जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. संगीताचे शिक्षण घेतलेले नाही, तरीही लिहितो, कारण वरच्या उत्तरांत एक बाजू अजून आलेली नाही.

आमच्या मुलांची घरची भाषा मराठी नाही. परिपाठात मराठी प्रार्थनेच्या वेळी गप्प उभी राहणारी मुले होळीच्या दिवसांत ढोलाच्या तालावर रात्र-रात्र नाचताना आणि गाताना मी पाहिली आहेत. त्यांच्यापाशी संगीत भरपूर असते. शाळेत येताना ते दाराबाहेर ठेवून यावे असा समज आपणच करून दिलेला असतो. म्हणून आम्ही पहिले काम हे केले की प्रत्येक मुलाने घरातील एका मोठ्या माणसाकडून एक गाणे ऐकून यायचे, आणि ते कोणी शिकवले, कोणत्या प्रसंगी म्हणतात, कोणी म्हणायचे आणि कोणी म्हणायचे नाही, हे विचारून यायचे. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. काही गाणी विधीची असतात आणि ती इतर वेळी म्हटलेली घरच्यांना चालत नाहीत. तेथे त्यांचा शब्द मानावा.

साताऱ्याकडे हेच काम जात्यावरच्या ओव्यांवर फार चांगले होईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत आणि 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्यांतील अनेक ध्वनिमुद्रणासह ऐकता येतात. वर्गात त्यांतील एक ओवी ऐकवून मुलांना विचारावे की तुमच्या आजीला अशी ओवी येते का. जाते घरोघरी उरलेले नसले तरी आज्यांच्या स्मरणात ओव्या आहेत. ओवी वर्गात आल्यावर मंद्रसप्तक ताईंनी सांगितलेल्या पद्धतीने पाहता येईल की तिला एकूण किती स्वर लागतात, गाणारी श्वास कोठे घेते, आणि जात्याच्या फेऱ्याशी ओळीचा मेळ कसा बसतो. बहुतेक ओव्या मोजक्याच स्वरांत फिरतात, त्यामुळे सूर न लागणारी मुलेही त्या म्हणू शकतात. मराठीच्या तासाला त्याच ओव्यांचा अर्थ घेता येईल, म्हणजे ३५ मिनिटांची अडचणही काही अंशी सुटेल.

गावातील वादकांना वर्गात बोलवावे. भजनी मंडळातील पखवाजवादक, हलगी वाजवणारे, संबळ वाजवणारे गोंधळी ही माणसे आपल्या पंचक्रोशीत असतात. काही वाद्ये विशिष्ट समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत आणि त्याच कारणाने त्यांच्याकडे हलक्या नजरेने पाहिले गेले आहे, हे मुलांना सातवीत समजते. म्हणून अशा वादकाला बोलावताना पाहुणा म्हणून रीतसर निमंत्रण द्यावे, शिक्षकाच्या खुर्चीवर बसवावे, मुलांनी त्यांना आदराने प्रश्न विचारावेत आणि शाळेने शक्य तेवढे मानधन द्यावे. ज्या मुलाचे वडील हलगी वाजवतात त्या मुलाचे वर्गातील स्थान त्या एका दिवसाने बदलते.

अशा साधन व्यक्तींच्या (बाहेरून बोलावलेल्या जाणकारांच्या) खर्चाबद्दल मुख्याध्यापकांशी बोलताना एक आधार लक्षात असू द्यावा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे म्हटले आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : वर्गशिक्षिका_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. तालुक्यांच्या नावांचा प्रयोग मी येत्या तासिकेलाच घेणार आहे आणि ओव्यांसाठी मुलांना दिवाळीच्या सुट्टीचे काम देता येईल असे दिसते. षड्जाविषयी लिहिलेले वाचून पेटीवर पडताळून पाहिले. मी खरोखरच काळी पाचमध्ये शिकवत होते आणि आमच्या समूहगीताची दुसरी ओळ मंद्रात उतरते.

मूल्यमापनाचा प्रश्न अजून बाकी आहे. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाची नोंद करावी लागते. 'चांगले गातो' आणि 'सरावाची गरज आहे' या दोन नोंदींपलीकडे काय लिहावे? तसेच मुलांना नुसते ऐकायला बसवले तर ती पाच मिनिटांत कंटाळतात. श्रवण कसे घ्यावे?

उत्तर : श्रवणभक्ती

मी पुण्यातील एका शाळेत हा विषय शिकवते. आधी श्रवणाबद्दल लिहिते, कारण मूल्यमापनाचे उत्तर त्यातूनच निघते.

मुलांना कंटाळा येतो तो काय ऐकायचे हे सांगितलेले नसते म्हणून. दीड-दोन मिनिटांहून मोठा तुकडा वाजवू नये आणि वाजवण्यापूर्वी एकच प्रश्न द्यावा. किती वाद्ये ऐकू आली? गाणारी व्यक्ती कितव्यांदा मुखड्यावर परतली? लय वाढली की तीच राहिली? दुसऱ्यांदा वाजवताना दुसरा प्रश्न. एकाच तासिकेत तोच तुकडा तीनदा ऐकला तरी मुलांना चालते, कारण प्रत्येक वेळी त्यांना नवीन काही शोधायचे असते. तुकडे निवडताना ख्याल, लावणी, भजन, शाहिरी, चित्रपटसंगीत असा भेद न करता सर्व प्रकार यावेत आणि आपल्याला काय आवडते हे शिक्षिकेने शेवटपर्यंत सांगू नये.

वाद्यांची ओळख करून देण्यासाठी तत, सुषिर, अवनद्ध आणि घन हे नाट्यशास्त्रातील चार वर्ग आजही उत्तम चालतात. तुणतुणे आणि एकतारी तत, सनई आणि पावा सुषिर, ढोलकी, हलगी आणि संबळ अवनद्ध, टाळ, चिपळ्या आणि लेझीम घन. पेटी कोणत्या वर्गात घालावी यावर सहावीच्या वर्गात चांगला वाद होतो. तो होऊ द्यावा आणि शेवटी भाता हलवून, आतील पत्त्या दाखवून मुलांनाच ठरवू द्यावे. त्याला जोडून एक प्रयोग करता येतो. सारख्या आकाराच्या काचेच्या पेल्यांत कमी-अधिक पाणी घालून काठावर चमच्याने हलके वाजवले तर अधिक पाण्याच्या पेल्याचा स्वर खाली जातो. तेच अरुंद तोंडाच्या बाटलीत पाणी भरून तोंडावर फुंकर घातली तर अधिक पाण्याने स्वर वर जातो. पहिल्यात काच आणि पाणी मिळून कंप पावतात, दुसऱ्यात बाटलीतील उरलेली हवा. विज्ञानाच्या शिक्षकांना सोबत घेतल्यास हा तास दोन्ही विषयांचा होतो, आणि पेले सुरात लावता लावता मुलांचे कान जितके तयार होतात तितके अनेक आठवड्यांच्या अलंकारांनीही होत नाहीत.

आता नोंदी. आपल्याकडे कला विषयाला संकलित मूल्यमापन (सत्राअखेरची परीक्षा) नसून केवळ आकारिक मूल्यमापन (वर्षभर ठेवलेल्या नोंदी) आहे, ही शिक्षकासाठी मोठी सोय आहे. वर्षाअखेरीस प्रत्येकाला उभे करून गाणे म्हणायला लावण्याची गरज नाही, आणि तसे करूही नये, कारण त्यात आवाजाची देणगी मोजली जाते, शिकलेले मोजले जात नाही. प्रत्येक तासिकेत पाच-सहा मुलांकडेच लक्ष ठेवावे आणि त्यांनी त्या दिवशी प्रत्यक्ष काय केले ते वहीत एका ओळीत लिहावे. 'ठेका थांबल्यावरही आठ मात्रा स्थिर ठेवल्या.' 'शुद्ध आणि तीव्र मध्यम ऐकून ओळखला.' 'सवाल-जवाबात स्वतःचा तुकडा रचून षड्जावर आला.' 'आजीची ओवी आणली आणि ती केव्हा म्हणतात हे सांगितले.' 'गटातील दुसऱ्याचे वादन संपेपर्यंत थांबला.' अशा नोंदी सहा महिन्यांत प्रत्येकाच्या नावापुढे दोन-तीन तरी होतात आणि त्यांतून मुलाची प्रगती त्याच्या स्वतःच्या आधीच्या स्थितीच्या तुलनेत दिसते. जून-जुलैमध्ये एकदा आणि फेब्रुवारीत एकदा संपूर्ण वर्गाचे तेच गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दोन्ही मुलांना ऐकवावे. काय सुधारले याची यादी ती स्वतःच करतात आणि ती यादी आपल्या नोंदींपेक्षा अधिक नेमकी असते.

स्नेहसंमेलनासाठी निवड न करता पूर्ण वर्ग उभा करता येतो. पन्नास मुलांचे चार गट करावेत. एक गट ओवी किंवा गीत गाईल, दुसरा षड्ज-पंचम धरील, तिसरा टाळ आणि लेझीम घेईल, चौथा बोल म्हणेल, आणि दुसऱ्या कडव्याला गट बदलतील. रंगमंच लहान असेल तर दोन गट समोर जमिनीवर बसू द्यावेत. कार्यक्रम थोडा ओबडधोबड होईल, परंतु प्रत्येक पालकाला आपले मूल दिसेल, आणि मुख्याध्यापकांना पटवण्यासाठी हा मुद्दा पुरेसा ठरतो.

उत्तर : मंद्रसप्तक

ताई, षड्ज तपासलाच आहे तर परिपाठातील राष्ट्रगीताकडेही एकदा पाहा. बहुतेक शाळांत ते समोरच्या मुलाला सुचेल त्या स्वरात सुरू होते. चालीत 'जय हे' तार षड्जापर्यंत जाते, त्यामुळे सुरुवात उंच झाली तर तेथे आवाज फाटतात आणि फार खाली झाली तर पहिल्या ओळीत शब्द ऐकू येत नाहीत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागावेत असे ठरलेले आहे; घड्याळ लावून पाहिले तर अनेक ठिकाणी मुले रेंगाळत त्याहून बराच अधिक वेळ घेतात. पाचवीतील दोन विद्यार्थ्यांना रोज पांढरी एकचा षड्ज पेटीवर देण्याचे काम सोपवा आणि 'एक, दोन' अशी लय मोजून उचल घ्यायला शिकवा. दर सोमवारी जोडी बदलावी, म्हणजे वर्षभरात त्या वर्गातील बहुतेक मुलांचा पेटीला हात लागेल.